पावसाच्या पाण्याला पाणीपट्टी नसते

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई ठप्प झाली. त्या आपत्तीची कारणमीमांसा करणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षपद राज्य शासनाने डॉ. माधव चितळे यांच्याकडे सोपवले. राज्याच्या सेवेतील स्थापत्य अभियंता, केंद्रीय जलसंसाधन सचिव आणि १९९३ च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी अशी त्यांची वाटचाल. मात्र त्या वेळी समितीपुढील प्रश्न केवळ जलशास्त्राचा नव्हता.

नाल्यांची क्षमता ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकीच होती. ती ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची 'ब्रिमस्टोवॅड' योजना १९९३ मध्येच तयार होती. बारा वर्षे ती रेंगाळली. पुरानंतर केंद्र सरकारने सुमारे १२०० कोटी रुपयांच्या साहाय्याला मान्यता दिली, तेव्हा कुठे कामाला वेग आला. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही स्थिती असेल, तर इतरांविषयी बोलायलाच नको.

याचे मूळ महसुलाच्या रचनेत आहे. नळाच्या पाण्याला मीटर बसतो, मलनिस्सारणाचा आकार पाणीपट्टीला जोडता येतो. पावसाच्या पाण्याला मात्र ग्राहक नाही. अंगणात फरसबंदी करणारा गृहस्थ किंवा वाहनतळावर काँक्रीट ओतणारा विकासक वाढीव पाणी नाल्यात सोडतो. त्याचा भार सखल भागातील रहिवाशांवर पडतो. मुंबईच्या मालमत्ता करात रस्ते, शिक्षण, वृक्ष यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, पर्जन्यजलासाठी नाही. अनुदानातून उदंचन केंद्र उभे राहते, पण त्याची वीज, कर्मचारी आणि दरवर्षीचा गाळ यांचा खर्च अनुदानात बसत नाही.

कर्जरोख्यांचा मार्गही येथेच अडतो. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभारले, ते समान पाणीपुरवठ्यासाठी. तमिळनाडूने २००२-०३ मध्ये तेरा लहान नागरी संस्थांची गरज एकत्र करून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले, तेही पाणी व स्वच्छतेच्या कामांसाठीच. चेन्नईलगतच्या आलंदूरमध्ये तर घरटी पाच हजार रुपयांची ठेव घेऊन भुयारी गटार योजना उभी राहिली. या सर्वांत परतफेडीचा स्रोत दाखवता येत होता. आंबिल ओढ्यासाठी तो दाखवता येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याने पुण्यात केलेली जीवितहानी मात्र सर्वांनी पाहिली.

अमेरिकेतील बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्ये पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र सेवा-यंत्रणा सुरू केली. तेथील अनेक शहरांत, तसेच जर्मनीतही, पाणी न झिरपणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात आकारणी होते आणि पाणी जिरवणाऱ्यास सवलत मिळते. उपग्रह छायाचित्रांमुळे अशी मोजणी आपल्याकडेही अवघड राहिलेली नाही. अडचण राजकीय आहे. मुंबईत २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. अशा वातावरणात नव्या आकारणीचा प्रस्ताव कोण मांडणार? सुरुवात लहान घरांपासून करण्याचे कारणही नाही. मॉल, गोदामे, वाहनतळ आणि सरकारी आवारे यांची छपरे व फरसबंदी आधी मोजावी लागेल.