गोळी बंद, म्हणून डॉक्टरही बंद?

व्याख्यानमालांच्या मोसमात सध्या एक गृहस्थ गावोगाव फिरत आहेत. नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना आणखी दोन आमंत्रणं मिळतील आणि ते पाप माझ्या माथी येईल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नैराश्य हा पोट भरलेल्यांचा चोचला आणि त्यावरच्या गोळ्या हे व्यसन. गोळ्या सोडल्यावर माणूस चिडतो, रडतो, रात्र रात्र जागतो, तो व्यसन सुटतानाचा त्रास. अशा वेळी पुन्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे दारू सोडवायला गुत्त्यात जाणं. तिथे ‘बायपोलर’ अशी नवी पाटी गळ्यात पडणार. म्हणून घरीच थांबा, पहाटे उठा, प्राणायाम करा. इथे टाळ्या पडतात.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उमेदीची वर्षं गेली, एवढीच माझी पात्रता. पण ‘डोक्याच्या गोळ्या’ आपल्या मनाने बंद करून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती व्याख्यानांना जात नाहीत, त्यामुळे वक्त्यांना भेटत नाहीत.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. आजोबांच्या काळी हे आजार नव्हते म्हणे. चरकसंहितेत उन्मादावर निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे दोन अध्याय आहेत. ते कोणाच्या आजोबांसाठी लिहिले असतील? चोचल्याचं म्हणाल, तर निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांतल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. चोचले असे पुरवले जात नाहीत. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला भक्कम पुरावा नाही, असा 2022चा एक आढावाही ते सभेत नाचवतात. आढावा खरा आहे. पण गोळी नेमकी कशी चालते हे न कळणं वेगळं आणि ती चालतच नाही हे वेगळं.

आता मूळ दुखणं. गोळी सोडल्यानंतर जे जे होतं ते सगळं एकाच पोत्यात कोंबायचं, हा या गृहस्थांचा खरा अपराध. सब घोडे बारा टक्के! गोळी सोडल्यावर किमान तीन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. पहिली, औषध एकदम तोडल्याचा त्रास. तो बहुधा चार-दोन दिवसांत सुरू होतो : चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारख्या शरीरातून लवकर उतरणाऱ्या औषधांत तो जास्त; फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, म्हणून त्यात कमी. 2024 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खरी गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्के आणि खोटी गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांनी असा त्रास सांगितला. म्हणजे त्रास खरा आहे, त्यात थोडा धास्तीचाही वाटा आहे, आणि डोस हळूहळू उतरवला तर तो बराच टळतो. दुसरी गोष्ट, जुनं नैराश्य परत येणं. ते सहसा सावकाश, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतं. ब्रिटनमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बरं वाटत असलेल्या 478 जणांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींची उतरवत बंद केली. वर्षभरात चालू असलेल्यांतले 39 टक्के आणि बंद केलेल्यांतले 56 टक्के पुन्हा आजारी पडले. यातला गोळी बंद करूनही वर्षभर बरा राहिलेल्यांचा आकडा वक्त्यांनी खुशाल घ्यावा. पण उरलेल्या 56 टक्क्यांना प्राणायामाच्या चटईवर बसवून कोणत्या हक्काने घरी थांबवता?

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. आजार मुळातच वेगळा असतो. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानेच होते. माणूस दवाखान्यात जातो तो उदास असतानाच, आणि झोप दोन-तीन तासांवर येऊनही दमणूक नाही, तोंड थांबत नाही, पैसे पाण्यासारखे उडताहेत, असे दिवस तो आजार म्हणून सांगतच नाही. कसे सांगेल? त्या दिवसांत त्याला फारच छान वाटत असतं! निदानाला वर्षं लागतात ती यामुळे. अशा माणसाने जुनी चिठ्ठी घेऊन दुकानात यावं आणि तीच गोळी पुन्हा सुरू करावी, हेही तितकंच घातक. मूड सावरणाऱ्या लिथियमसारख्या औषधाची जोड नसेल तर नुसती नैराश्याची गोळी त्याला उलट टोकाला नेऊ शकते. ज्याला पाटी म्हणून हिणवता, तिच्यावरूनच औषध बदलतं.

आणि व्यसनाचंच बोलायचं तर त्याच चिठ्ठीवर पुष्कळदा क्लोनाझेपाम असतं. खरी चटक लागते ती त्याची. माणसं एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी टाकून देतात आणि ‘ती झोपेची तेवढी एकच द्या’ म्हणत महिनोन्महिने काउंटरवर येतात. दुकानदार देतात, हा आमच्या धंद्याचा काळा भाग. व्याख्यानात यावर चकार शब्द नाही.

हे सगळं मी पूर्वी ऐकलंय. मधुमेहींना ‘इन्सुलिन घेऊ नका, सवय लागते’ म्हणणारे असेच एक सद्गृहस्थ होते. त्यांच्याविरुद्ध मी एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. संपादकांनी ते निम्मं कापून पाककृतींच्या खाली छापलं. सद्गृहस्थांचं सदर त्यानंतरही चालू राहिलं.

मग करायचं काय? माझ्याकडे थोरलं तत्त्वज्ञान नाही. गोळी कधी आणि कशी सोडली, त्रास त्यानंतर किती दिवसांनी सुरू झाला, झोप किती, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. उदास दिवसांबरोबर उधाणाचे दिवसही सांगा. घरातलं कोणी सोबत न्या. तुम्हाला न दिसलेलं त्यांना दिसलेलं असतं. थायरॉइड तपासायची का, हे विचारा. पाच मिनिटांत नवी चिठ्ठी लिहून हाकलणारे डॉक्टर आहेत, एवढं वक्त्यांचं खरं. त्यावर उपाय दुसरा डॉक्टर गाठणं हा आहे. पहाटे जरूर फिरा, पण तपासणीच्या बदल्यात नको.

जीव नकोसा वाटत असेल किंवा झोपेविना दिवस दिवस चालला असाल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात आजच जा. डॉक्टर हाताशी नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.