सर टी. माधवराव : द्विशताब्दीच्या उंबरठ्यावर एका वादग्रस्त वारशाचा फेरविचार

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरीकाठच्या या नगरात २० नोव्हेंबर १८२८ रोजी मराठी भाषक देशस्थ घराण्यात जन्मलेल्या राजा सर टी. माधवराव यांच्या जन्माला २०२८ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण होतील. बारा वर्षांनी येणारे महामहम पर्वही त्याच वर्षी आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविलेल्या या मुत्सद्द्याचे स्मरण करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. इंग्रज सत्तेच्या विश्वासावर अधिकारपदी राहिलेल्या प्रशासकाचे लेखन कोणत्या निकषांवर तोलावे?

माधवरावांच्या मागे राहिले ते आत्मचरित्र नव्हे, तर ‘मायनर हिंट्स’ हा व्याख्यानसंग्रह. अल्पवयीन सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळण्यापूर्वी, १८८१ मध्ये दिलेली ही व्याख्याने आहेत. अभ्यासक राहुल सागर यांनी २०२२ मध्ये ‘द प्रोग्रेसिव्ह महाराजा’ या नावाने त्यांचे संपादन प्रसिद्ध केल्यानंतर या लेखनाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. राजाने कायद्याच्या मर्यादेत वागावे, खासगी खर्चाला बंधन घालावे, न्यायदानात लहरीने हस्तक्षेप करू नये आणि प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन मानावे, हा त्यांचा गाभा आहे.

हा उपदेश ज्या परिस्थितीत झाला, ती निर्वेध नव्हती. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात मतभेद झाले. इंग्रज सदस्यांनी मल्हारराव गायकवाडांना दोषी धरले, भारतीय सदस्यांनी तसे धरले नाही. तरीही सरकारने १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. मुंबई इलाख्यातील लोकमतात त्यांच्याविषयी सहानुभूती असताना बडोद्याचा कारभार माधवरावांकडे आला. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला. त्यामुळे टीकाकारांना ते साम्राज्याचे विश्वासू हस्तक वाटले, तर त्यात नवल नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. त्रावणकोरमध्ये त्यांनी रिकाम्या तिजोरीची घडी बसवली आणि १८६३ पर्यंत सार्वजनिक कर्ज फेडले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळाले. परंतु त्यांच्याच कार्यकाळात, १८५९ मध्ये, नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मद्रासच्या गव्हर्नरांचा दबाव आल्यावरच मिळाली. तीही उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीचे अनुकरण न करण्याच्या अटीवर. सुधारणेची गती कोण ठरवत होते, याचे उत्तर या अटीत सापडते.

हीच मर्यादा व्याख्यानांतही जाणवते. राजाला वेसण घालायची आहे, पण ती प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती नव्हे, तर कायदा आणि जाणत्या दिवाणाच्या हाती. सुशासन हीच संस्थानाची ढाल, कारण गैरकारभार दिसला की हस्तक्षेपाला निमित्त मिळते, हा विचार मल्हाररावांच्या पतनानंतर अधिकच अर्थपूर्ण ठरतो. तो लाचारीचा म्हणता येतो आणि सावधगिरीचाही. १८८७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद स्वीकारणारे माधवराव पुढे मतभेदांमुळे त्या चळवळीपासून दूर झाले, ही घटनाही याच द्विधेची साक्ष देते.

शिष्याने मात्र धड्यांची कक्षा ओलांडली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटासमोरील त्यांचे त्रोटक अभिवादन साम्राज्यभर वादाचा विषय ठरले. गुरूला किताब देणाऱ्या दरबाराची नाराजी शिष्याने ओढवून घेतली.

द्विशताब्दीत माधवरावांना राष्ट्रपुरुष किंवा राजनिष्ठ नोकर ठरविण्याची घाई दोन्ही बाजूंनी होईल. त्यापेक्षा बडोद्याची व्याख्याने आणि त्रावणकोरचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचणे अधिक उपयुक्त ठरेल. सत्तेला मर्यादा हवी, हे त्यांनी राजाला स्पष्टपणे सांगितले. ती मर्यादा घालण्याचा अधिकार प्रजेचा आहे, हे पुढच्या पिढ्यांना सांगावे लागले.