बिलावरची ओळ म्हणजे कायदा नव्हे

दिवाळी सरली की नारायणगाव, आळेफाट्याच्या दुकानांत गिऱ्हाइकांचा दुसरा हेलपाटा सुरू होतो. निमगाव सावासारख्या गावांतून माणसं भाऊबीजेची विरलेली साडी नाहीतर पहिल्याच दिवशी बंद पडलेला मिक्सर पिशवीत घालून येतात. दुकानदार बिलाच्या तळाशी बोट ठेवतो: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती ओळ म्हणजे सरकारी नियमच, असं समजून गिऱ्हाईक मुकाट माघारी फिरतं.

हा समज साफ चुकीचा आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस.

दुकानदार म्हणतात, घेतानाच नीट बघायचं होतं. साडीचं काय बघणार? दुकानात पदर आणि काठ दाखवतात, आतली घडी कोणी मोडू देत नाही. विरलेला धागा दिसतो तो फॉल-पिकोला टाकल्यावर. तोवर बहीण साडी घेऊन सासरी गेलेली असते आणि ‘तीन दिवसांत बदलून मिळेल’ हा तोंडी वायदा संपलेला असतो.

लोक सणात कपडे वापरून परत आणतात, ही व्यापाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे. रंग आवडला नाही, माप चुकलं, म्हणून माल परत घ्यायची सक्ती कायदाही करत नाही. तिथं दुकानदाराला अटी घालायचा पूर्ण हक्क आहे. पण काही लबाडांपायी सदोष माल सगळ्यांच्या गळ्यात मारायचा, हे मला मान्य नाही. मिक्सरवाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो, तेही चूक. पैसे त्यानं घेतले, जबाबदारी त्याचीही आहे.

‘पैसे नाही, कूपन घ्या’ ही पळवाट तर फार बोकाळली आहे. कायदा पैसे परत द्या म्हणतो. भेट म्हणून विकलेल्या व्हाउचरचीही तीच गत: रक्कम आधीच गल्ल्यात जमा, आणि मुदत संक्रांतीपर्यंतच. बँकांच्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेनं किमान एक वर्षाची मुदत बांधून दिली आहे. एखाद्या दुकानाचं फक्त त्याच दुकानात चालणारं व्हाउचर त्या नियमात येत नाही. तेही त्या नियमात आणलं पाहिजे, आणि उरलेली रक्कम बुडता कामा नये.

या सगळ्याला आधार एकच, पक्कं बिल. ‘बिल घेतलं तर जीएसटी वेगळा पडेल’ असं सांगून कच्ची चिठ्ठी हातात देतात. मिक्सरच्या खोक्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. बिल मागायला लाजू नका. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. तरीही दाद लागली नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि वकील लावायची सक्तीही नाही.