मरण हे आंदोलन नव्हे



१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले. त्यानंतर सरकारे बदलली, कापसाची एकाधिकार खरेदी गेली, कर्जमाफ्या येऊन गेल्या. मरणे थांबली नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका सालात देशात ११,२९० शेतकरी-शेतमजूर असे गेले. त्यांतले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. कारण आपण पहिल्यापासून सांगत आलो: उत्पादनखर्चही भरून न काढणारा भाव. 'शेतकऱ्याचे मरण, हेच सरकारचे धोरण' ही घोषणा आपणच दिली.

पण आज आपल्याच माणसांशी भांडायचे आहे.

पारावर काय बोलले जाते? 'सुटला बिचारा.' 'घराला लाख रुपये तरी मिळाले.' मेलेल्याची चिठ्ठी आणि फोटो मोबाईलवरून गावोगाव फिरतात. आणि आम्ही कार्यकर्ते? मेलेल्याला हुतात्मा म्हणतो, स्टेजवरून आकडा मोजतो. मागच्या रांगेत एक जण बसलेला असतो. दोन साल ज्वारी करपलेली, सोसायटी थकलेली, पोरीचे लग्न अडलेले. जिवंतपणी त्याची कोणी चौकशी केली नाही. मेल्यावर मात्र गाव, पुढारी, पेपरवाले सारे दारात येतात, हे तो ऐकत असतो. हे विष त्याच्या कानात आपण ओततो. धोरण मरणाचे असेल, तर मरणारा ते पाळतो. जगून उभा राहणारा ते मोडतो.

'मी गेलो तर घर तरी सुटेल' हा हिशेब एकदा मांडून पाहा. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने लाख रुपये ठरले, ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तेही प्रकरण 'पात्र' ठरले तर. जमीन नावावर नाही, कर्ज बिगरपरवाना सावकाराचे, अशी कारणे दाखवून कितीतरी विधवांना परत पाठवले. सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो आणि तो घेऊन बाई तलाठ्याच्या, बँकेच्या दारी खेटे घालते. सुटत कोणीच नाही. उलट कर्जाशी जिवंत माणूसच लढू शकतो. सावकाराने बेकायदा लिहून घेतलेल्या जमिनीसाठी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. नोटीस आली तर ती उशाखाली दडवू नका, बैठकीत घेऊन या.

आणि मनाच्या दुखण्याची लाज कसली? पाचगणीचेच पाहा. एकच सातारा जिल्हा, पण तिकडे डोंगरावर पाऊस कोसळतो आणि आमच्या माण-खटावात ढेकूळ विरत नाही. त्या पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. तेव्हा सोयरीक मोडेल म्हणून लोक क्षय लपवत. आज त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणसे बरी होतात. झोप उडणे, अन्न नको वाटणे, जगणे नकोसे होणे हेही दुखणेच आहे. त्यालाही उपचार आहे. कोणी म्हणेल, भाव नाही तिथे गोळी काय करणार? गोळी भाव देणार नाही. भावासाठी भांडायला माणूस उभा ठेवील.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

१. शेजारी गप्प झाला, शेतात जाईना, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर जवळ बसून सरळ विचारा, 'दादा, जीव द्यायचे मनात येते का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, मनावरचे ओझे हलके होते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध त्या घरातून हलवा.

२. १४४१६ हा नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा. ही 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनाच्या दुखण्याचे डॉक्टर भेटतात. जिवावर बेतले असेल तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा. पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न धरता त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम ठरवले आहे.

३. मरणाची चिठ्ठी, फोटो पुढे पाठवू नका. संघटनेच्या स्टेजवरून मरणाचा गौरव बंद. मोर्चा निघेल तो जित्या माणसांच्या मागण्यांचा.

भीक नको, हवे घामाचे दाम. आणि तो दाम मोजून घ्यायला आपण सारे जिवंत हवेत.