आधी रेंज, मग ॲप

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वर, रतनवाडी-घाटघरच्या डोंगरांत मोबाईलची रेंज शोधत फिरावं लागतं. ई-पीक पाहणी मात्र इथल्या भातखाचरांनाही लागू. २०२१ पासून शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा. नोंद राहून गेली, तर अतिवृष्टीत भात आडवा झाल्यावर भरपाईसाठी हेलपाटे ठरलेले. रेशन दुकानातही तेच: ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवून म्हातारी माणसं रेंजसाठी ताटकळतात. गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या आजच्या भारतनेट योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तीही ग्रामपंचायतीपर्यंतच्या तारेला, वाड्या-पाड्यांचं काय? डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. सरकारने वाडीवर रेंज पोहोचवावी. तोवर तलाठ्याची कागदी नोंद विनातक्रार ग्राह्य धरावी.