आळंदची गाय आणि गोव्याचा गोठा

चैत्र सरत आला की दुधाच्या पिशवीभोवती जी कुरकुर सुरू होते ती गोव्याला नवीन नाही. दूध उशिरा आले, पातळ आले, भाव पुन्हा चढला. ग्राहक दूध संघाला बोल लावतो, संघ सरकारकडे बोट दाखवतो आणि सरकार शेजारच्या राज्यांकडे. या वादात, ज्या जनावराच्या कासेतून हे दूध यावयाचे त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. गोव्याला लागणाऱ्या दुधाचा मोठा हिस्सा घाटापलीकडून येतो. कामधेनूसारख्या योजनांतून अनुदानावर घेतली जाणारी संकरित जनावरेही पुष्कळदा तिकडचीच असतात. तेव्हा घाटावरच्या पठारावर जनावर कसे वाढते, केव्हा दूध देते आणि केव्हा आटते, याची माहिती असणे ही आपलीही गरज आहे. त्यासाठी आम्ही आज आळंदचे उदाहरण घेत आहोत.

कलबुर्गी जिल्ह्याचा हा तालुका सोलापूर आणि धाराशिवच्या सीमेला भिडलेला आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि लाडले मशायकांच्या दर्ग्यापाशी दखनी, अशी तेथील वहिवाट. जमीन काळी, पाऊस लहरी, पिके तूर आणि रब्बी ज्वारीची. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि आठवडे न आठवडे खाली उतरत नाही. या मुलखाचे मूळचे जनावर म्हणजे देवणी. लातूर-नांदेडपासून बीदरपर्यंत आणि त्याच्या आजूबाजूला तिचा वावर आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, माणसांचा सीमातंटा अद्यापि सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. देवणीला मात्र ही सीमा कोणी सांगितलेली दिसत नाही. बैल औताला चालतो, गाय एका वेताला सरासरी साडेआठशे-नऊशे किलो दूध देते आणि त्यात स्निग्धांश चार टक्क्यांहून अधिक असतो. आकडा लहान आहे. म्हणूनच दिवसाला दहा-बारा लिटर देणाऱ्या संकरित गाईच्या मोहाने देवणी दावणीवरून उठत चालली आहे, आणि शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलासाठी गाय पाळण्याचे कारणही उरले नाही.

प्रश्न मोहाचा नसून हिशेबाचा आहे. होल्स्टिनच्या रक्ताची गाय पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत सुखात असते; त्यापुढे तिचे शरीर दूध बनविण्याचे काम बाजूला ठेवून स्वतःला थंड राखण्याच्या उद्योगास लागते. एक लिटर दुधासाठी चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. उन्हाळ्यात तेच रक्त उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे वळते. धाप लागते, रवंथ मंदावते, वैरण गव्हाणीत तशीच पडून राहते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबताना जी ऊब निर्माण होते तीही जनावराला नकोशी होते. कमी खाल्ल्यामुळे दूध घटते हे कोणालाही समजेल. परंतु शास्त्रज्ञांनी सारखाच आहार दिलेल्या गाई थंड आणि तप्त हवेत ठेवून पाहिल्या, तेव्हा घटीचा जवळजवळ निम्मा भाग आहाराने नव्हे, तर उष्म्यानेच होतो असे आढळले. देवणीचे सैल कातडे, गळ्याची लोंबती पोळी, अधिक घर्मग्रंथी आणि शरीरातील मंद ज्वलन हे सारे या उष्म्यावरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर आहे. म्हशीकडे ते नाही. काळे कातडे, घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून तिला डबके लागते. आणि आळंदला एप्रिलमध्ये डबके कोठून आणावयाचे?

येथे गोवेकर वाचक म्हणेल, आमच्याकडे बेचाळीस अंश कधी होतात? हीच फसगत आहे. दुभत्या जनावराला जाणवणारा ताप मोजण्यासाठी तापमान आणि हवेतील ओलावा एकत्र करणारा निर्देशांक वापरतात. तो बहात्तरावर गेला की दुधाळ गाय अस्वस्थ होऊ लागते. आळंदच्या दुपारी एक्केचाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता धरली तर हा निर्देशांक सुमारे पंचाऐंशी येतो. आपल्याकडे मेच्या दुपारी तेहेतीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता धरली तर तो सत्त्याऐंशीच्या घरात जातो! रात्रीचा फरक तर अधिकच बोलका आहे. दोन्हीकडे सत्तावीस अंश धरले तरी पठारावरच्या कोरड्या रात्री निर्देशांक बहात्तराच्या आसपास उतरतो आणि गाय पहाटेपर्यंत सावरते. किनाऱ्यावरच्या दमट रात्री तो एकोणऐंशीच्या खाली येत नाही. घाटावर तग धरणारी संकरित गाय येथे आली की निम्म्यावर का येते, याचे उत्तर दलालाच्या लबाडीत शोधण्यापूर्वी या आकड्यांत शोधावे. गोचिडांपासून होणारे रक्ताचे रोग ही दमट हवेची आणखी एक देणगी.

हवा आणि वैरण यांचा निरोप कासेपर्यंत पोहोचविण्याचे काम संप्रेरके करतात. उन्हाळ्यात अवटू ग्रंथीचा स्राव कमी होतो, कारण शरीराला आतली आग मंद करावयाची असते. पण त्याच स्रावावर दूध आणि वाढ अवलंबून आहे. म्हशीत या दिवसांत प्रोलॅक्टिन वाढते, बीजकोशाचे काम मंदावते आणि माज मुका होतो. मालकाला तो कळत नाही, रेतनाची वेळ हुकते आणि भाकड काळ लांबतो. गाभण गाय शेवटच्या दोन महिन्यांत उन्हात तापली तर वासरू कमी वजनाचे जन्मते आणि पुढच्या वेताचे दूधही घटते, हे फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा भाकड गाईला सावली कशाला, हा विचार किती महागात पडतो ते पाहावे.

वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट याहून नवलाची आहे. उपाशी जनावराच्या रक्तात हे संप्रेरक कमी नसते, उलट अधिक असते. परंतु पोटात प्रथिने आणि ऊर्जा नसेल तर यकृत त्याची आज्ञा पाळीत नाही आणि कालवड खुरटी राहते. कोरड्या कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. एवढ्यावर ठेवलेली कालवड उशिरा माजावर येणार आणि तिचे पहिले वेत लांबणार, यात दैवाचा संबंध नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले तसा कडबाही महाग झाला. उसाचे वाढे घालून भागवावे तर त्यातील ऑक्झॅलेट शरीरातील चुना बांधून ठेवते. आणि गंमत अशी की कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या डाळगिरण्यांतून प्रथिनांनी भरलेली चुनी बाहेर पडते, ती मात्र चार पैसे अधिक देणाऱ्याकडे जाते. तूर पिकविणाऱ्याच्या गव्हाणीत तिची मूठही पडेलच असे नाही. चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शंभर किलो काडाला लावावा आणि तीन आठवडे झाकून ठेवावे, ही सोपी रीत पुस्तकांत जुनी झाली. गोठ्यांत ती अजून पोहोचावयाची आहे. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ असून असे व्हावे, हे त्या विद्यापीठाला भूषणावह नाही.

गव्हाण रिकामी ठेवून दूध काढण्याची घाई झाली की सुई पुढे येते. पान्हा हे ऑक्सिटोसिनचे काम. वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात सडाला लागला की ते मेंदूतून रक्तात येते आणि काही मिनिटांतच ओसरते. धार त्या अवधीत काढावी लागते. आरडाओरड, काठी, अनोळखी माणूस, यांनी ॲड्रिनॅलिन उसळते आणि पान्हा चोरला जातो. आपल्या आज्या गाईशी बोलत धार काढीत, ते केवळ मायेपोटी नव्हते. द्यू व्हिग्नो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत घडविले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीच्या रक्तस्रावात माता वाचविणारे हे औषध आपल्याकडे गोठ्याच्या वळचणीला लेबल नसलेल्या बाटलीत सापडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने दूध वाढविण्यासाठी जनावरास अपाय करणारे इंजेक्शन देणे हा गुन्हा ठरविला आहे. २०१८ साली केंद्राने खासगी उत्पादनच बंद करण्याचा प्रयत्न केला. तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरविला, आणि प्रसूतिगृहांचा विचार करता तो निर्णय योग्यच होता असे आम्हांस वाटते. या इंजेक्शनाने दूध विषारी होते हा समज फारसा खरा नाही. हे संप्रेरक आपल्या पचनात मोडून जाते. खरा अपाय जनावराला होतो. रोजच्या सुईची सवय लागलेली गाय सुईवाचून पान्हवत नाही. आणि मुख्य म्हणजे सुई कासेत असलेले दूध खाली उतरविते, नसलेले दूध निर्माण करीत नाही.

आळंदच्या शेतकऱ्याला आज हवे आहे ते भर दुपारी सावली, उन्हाळ्यात दुप्पट पाणी, सायंकाळनंतर दिलेली वैरण, चिकापासूनच वासराचा पुरता वाटा आणि मार्चपूर्वी भरलेला चाऱ्याचा साठा. २०२३ मध्ये कर्नाटकातील दोनशेहून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, तेव्हा चारा शोधण्याची धावपळ दुष्काळ पडल्यानंतर सुरू झाली. गोव्याने तेच दुसऱ्या तऱ्हेने चालविले आहे. अनुदान जनावराच्या किमतीवर मिळते. गोठ्याचा आणि वैरणीचा विचार मागाहून. ऐन उन्हाळ्यात ट्रकमधून उतरलेली गाभण गाय दमट, ठेंगण्या, पत्र्याच्या छपराखाली बांधावयाची आणि मग दूध का घटले म्हणून समिती नेमावयाची, हा प्रकार थांबला पाहिजे. आमची सूचना अशी की अनुदानावरील खरेदी पावसाळा ओसरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षातच व्हावी, म्हणजे जनावराला नवी हवा अंगवळणी पाडण्यास तीन-चार महिने मिळतील. श्वेतकपिला या गोव्याच्या स्वतःच्या गाईचाही, किमान थोड्या प्रमाणात, या योजनांत समावेश व्हावा. जुन्या गोव्यातील एला येथील कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केलेलेच आहे. आणि पशुसंवर्धन खात्याने पुढच्या हंगामापूर्वी अर्जाच्या नमुन्यात गोठ्याची उंची, पाण्याची सोय व वर्षभराच्या वैरणीची बेगमी असे रकाने घालावेत, आणि ते प्रत्यक्ष पाहून भरल्याखेरीज जनावराचा पैसा सोडू नये.