जनुक मात्रा सांगेल, गुण नाही

नैराश्यावरच्या एकाच गोळीने एकाला गुण येतो, दुसऱ्याला नुसती मळमळ होते. यावरच बाजार उभा राहिला आहे : लाळेचा नमुना द्या, जनुकं तपासून तुम्हाला लागू पडणारी गोळी सांगतो.

हा दावा टिकत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ सालीच अशा चाचण्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. २०२२ मध्ये १,९४४ माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जनुकांचा अहवाल पाहून औषध दिलेल्यांपैकी थोडे अधिक जण मधल्या काळात बरे झाले, पण चोविसाव्या आठवड्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाहक प्रथिनाच्या जनुकाचा तर एवढा गाजावाजा झाला, पण त्यावरून औषध ठरवण्याइतका पुरावा नाही.

‘म्हणजे सगळं थोतांडच!’ असं म्हणणारेही तितकेच चुकतात. सीवायपी२सी१९ हे जनुक यकृतात औषधं मोडणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं). तो मंद असला की सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची औषधं रक्तात साचतात. फार वेगवान असला तर नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. सिटॅलोप्राम साचलं तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका, म्हणून मंद विकरवाल्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. असे लोक युरोपीयांपेक्षा दक्षिण आशियात जास्त आढळतात. आणि जनुक ठीक असलं तरी ॲसिडिटीसाठी घेतलेली ओमेप्राझोल हाच विकर दाबते. म्हणूनच अहवालाआधी रुग्णाला बाकीच्या गोळ्या विचारायला हव्यात.

भारतीयांच्या जनुकांचं काय, असं विचारलं की आता फरीदाबादकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातल्या सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती साठवलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांना खुली झाली. ठेवा मोलाचाच. कोणत्या समाजगटात मंद विकर किती, हे त्यातून कळेल. पण नमुने निरोगी माणसांचे आहेत. एस्सिटॅलोप्रामने कोणाची झोप परतली, कोणी आठवड्यात गोळी सोडली, याची नोंद त्यात कुठून असणार? ती मनोविकार ओपीडीच्या केसपेपरात आहे. रुग्णाची संमती घेऊन, नाव गुप्त ठेवून हे केसपेपर आणि जनुकांची माहिती जोडायला हवी. खर्च करायचा तर तिथे.

तोवर चाचणी सरसकट नको. कमी डोसलाही ज्यांना त्रास होतो, किंवा पूर्ण डोस नियमाने घेऊनही दोन औषधं ज्यांना लागू पडली नाहीत, त्यांच्यासाठी ती उपयोगी ठरू शकते. तीही मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, आणि अहवाल वाचून स्वतःच गोळी बंद करण्यासाठी तर कधीच नाही.